समजुतीवाचून दिलेले औषध

माजिवड्याच्या परिसरात इमारतींच्या बांधकामावर परमुलखातून आलेल्या मजूर स्त्रिया राबतात. 2011 साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी इस्पितळात त्यांचे बाळंतपण, पोट चिरून करावे लागले तरी, विनामूल्य होते. गरोदरपणी रक्तवाढीकरिता 180 दिवस रोज घ्यावयाच्या लोहाच्या गोळ्याही मिळतात. परंतु या गोळ्यांनी शौचास काळी होते, त्यात भय नाही, हे तिच्या बोलीत कोणी न सांगितल्यास ती भिऊन गोळ्या सोडून देते. आणि आपण तिला अडाणी म्हणून मोकळे होतो.

आता दोष कोणाचा? अपायाची शंका येताच गर्भास जपणे हा अविचार नव्हे. ज्याने गोळी दिली पण समजूत दिली नाही, त्याचे देणे अर्धेच राहिले. कोणी म्हणेल, गर्दीत वेळ कोठून आणावा? पण रक्त कमी असलेल्या बाईस प्रसूतीतील रक्तस्राव जिवावर बेततो. त्यापुढे चार वाक्यांचा वेळ तो किती?

यास्तव ज्यांस तिची भाषा येते त्यांनी तिजबरोबर इस्पितळात जावे, ऐकलेले समजावून द्यावे, व तिला काय समजले ते तिच्याच तोंडून ऐकावे. हे उपकार नव्हेत; शेजाऱ्याचे कर्तव्य आहे.