त्रैक्याचा प्रश्न आणि पंडिता रमाबाई

देव एकच आहे, पण त्या एकाच सत्त्वात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती आहेत, अशी ख्रिस्ती धर्माची त्रैक्याची शिकवण आहे. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून त्याच्याहून उणा, असे अलेक्झांड्रियाच्या एरियसचे मत होते. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने ते नाकारून पुत्र पित्याशी एकसत्त्व असल्याचे ठरवले. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पवित्र आत्म्यासंबंधीची भूमिका अधिक स्पष्ट केली.

रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य प्रॉटेस्टंट मंडळ्या त्रैक्य मानतात. मात्र आत्मा केवळ पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र या दोघांपासून, यावर पूर्व आणि पश्चिमेकडील चर्चचे एकमत नाही. युनिटेरियन पंथाला येशूचे देवत्व मान्य नाही. त्रैक्य मानणारे आणि न मानणारे, दोन्ही बाजू बायबलचाच आधार घेतात. पिता आपल्याहून थोर आहे, असे येशू योहानाच्या शुभवर्तमानात सांगतो. आपण आणि पिता एक आहोत, असेही तो त्याच ग्रंथात म्हणतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा प्रश्न तळमळीने मांडला तो पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले काशीचे पंडित नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्या पत्राचा त्या निर्णयावर प्रभाव होता. परंतु ख्रिस्ताला गुरू आणि तारक मानूनही त्याचे पित्याशी समान देवत्व रमाबाईंना लगेच पटले नाही. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा त्रैक्याचा मतांगीकार स्वीकारण्यासही त्या तयार नव्हत्या. बायबल स्वतः वाचून, सदसद्विवेकाला पटेल तेवढेच मानण्याचा हक्क त्यांना हवा होता. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांना यात चर्चच्या परंपरेचा अव्हेर दिसला. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र शंकांना उत्तरे देत पत्रांतून धीराने चर्चा चालू ठेवली. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

वाद केवळ एका सिद्धान्ताचा नव्हता. धर्मसत्याचा अंतिम निर्णय ग्रंथाने, परंपरेने की व्यक्तीच्या विवेकाने करायचा, हा त्यामागचा खरा प्रश्न होता. परंपरेची बाजूही दुर्बळ नव्हती. ग्रंथाचा अर्थ एकट्या वाचकाने ठरवला तर अनेक पिढ्यांचे सामूहिक चिंतन वाया जाईल, ही तिची चिंता रास्त होती.

मतभेदाने सहकार्याचा मार्ग बंद होत नाही, हे १८८७ मध्ये बोस्टनला दिसले. रमाबाईंच्या विधवा-शिक्षणाच्या कार्यासाठी तेथे स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष युनिटेरियन धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल होते, तर उपाध्यक्षांमध्ये त्रैक्य मानणाऱ्या एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रूक्स होते. या संस्थेच्या मदतीने १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले.

पुढे विसाव्या शतकात वर्ध्यातही ख्रिस्ती विचाराची एक वेगळी वाट दिसली. तेथील मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा जन्माने ख्रिस्ती होते. येशूच्या शिकवणीवरील आपल्या पुस्तकात त्यांनी सिद्धान्तापेक्षा आचरणावर भर दिला. त्रैक्यावर निष्ठा असणाऱ्यांना केवळ आचरण पुरेसे वाटणार नाही. कारण ज्याचे अनुकरण करायचे तो कोण, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने उपासनेच्या मुळाशी आहे. म्हणून या चर्चेत आदर राखायचा तर मतभेद पुसून टाकणे योग्य नाही. प्रत्येक पक्ष कोणत्या सत्याच्या रक्षणासाठी उभा आहे, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.