भय आणि सन्निधान

भयाचा परिहार कशाने होतो, हा प्रश्न प्राचीन आहे. बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभी एकट्या असलेल्या पुरुषाला भय वाटले; परंतु आपल्यावाचून दुसरे काही नाहीच, तर भ्यावे कोणाला, या विचाराने ते निमाले, असे वर्णन आहे. भय दुसऱ्यापासून उपजते, हा तेथील निष्कर्ष. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चारही पदार्थ नित्य आणि परस्परभिन्न मानणाऱ्या आपल्या शास्त्राला हा मार्ग मोकळा नाही. येथे दुसरा नाहीसा होत नाही. मग जीवाने निर्भय व्हावे ते कोणत्या आधारावर?

लीळाचरित्रातील सशाची लीळा वाचकांस ठाऊक आहेच. पारधी पाठीस लागलेला ससा धावत येऊन सर्वज्ञांच्या मांडीखाली दडतो. पारधी त्याला मागतात, सर्वज्ञ देत नाहीत. ससा म्हणजे जीव, पारधी म्हणजे काळ, रान म्हणजे प्रपंच, असे निरूपण मी पुष्कळ वर्षे केले. श्रोते माना डोलवीत. यालाच मी अंतर्मुख वाचन समजत होतो.

पुढे एका वृद्ध साधूंच्या अखेरच्या आजारात त्यांच्या सेवेस राहण्याचा योग आला. एके रात्री ते म्हणाले, "मरणाचे भय नाही. त्या क्षणी स्मरण घडेल की नाही, याचे मात्र फार भय वाटते." गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गणनेत अभय प्रथम येते, ते अंगी न बाणल्यामुळे आपण अपात्र ठरलो, असे त्यांच्या मनाने घेतले होते. मी तत्परतेने वरील निरूपण ऐकविले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण ससा भ्यालेलाच आला ना?"

मला उत्तर सुचले नाही. वस्तूंची नावे पालटून मी लीळेचा अर्थ लावीत होतो आणि ससा ज्या ठिकाणी दडला त्या ठिकाणी स्वतः कधी गेलो नव्हतो. ससा निर्भय होऊन शरण आला नाही. भयानेच त्याला तेथवर आणले. पारधी मिथ्या आहेत असेही त्याला कोणी सांगितले नाही. ते समोर उभेच होते. पालटले ते एवढेच, की आता तो सन्निधानात होता. अभय ही शरण येण्याची पूर्वअट नव्हे, हे मी ग्रंथ उलगडून शिकलो नाही, हे कबूल केले पाहिजे.

लीळेच्या शेवटी सर्वज्ञ गुडघा उचलतात आणि सशाला जाण्यास सांगतात. ससा जातो तो त्याच रानात. हा भाग मी निरूपणात घाईने उरकीत असे. त्या साधूंना मात्र तोच प्रिय होता. पुढल्या रात्री त्यांनी ती लीळा पुन्हा वाचावयास सांगितली, आणि म्हणाले, "अर्थ सांगू नका. नुसते वाचा."