बाबासाहेबांचे व्हायोलिन



सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेला लोक लांबलांबून घोडे पाहायला येतात. आपल्या वस्तीतला नववीतला एक मुलगा मात्र घोड्यांकडे फिरकलाही नाही. मोठ्या पाळण्याला वीज पुरविणाऱ्या जनरेटरपाशी तो दोन तास उकिडवा बसून होता. वडिलांनी बखोटीला धरून घरी आणला. पुढच्या आठवड्यात त्याने घरातला रेडिओ खोलला, रेडिओ मुका झाला आणि पोराला मार बसला. वडील माझ्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, याचे हे रिकामे उद्योग बंद करा. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, खेळा नाही म्हटलं." मी मान डोलावली. इतकेच नव्हे, तर मुलाला बोलावून चार शब्द सुनावलेही. घरी आल्यावर माझे मलाच बरे वाटले नाही, म्हणून आज हे लिहीत आहे.

आपण ज्यांचे नाव घेऊन मुलांना दटावतो, ते बाबासाहेब घरात कसे होते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? तसबिरीत कोट, ग्रंथ आणि उंचावलेले बोट दिसते. पुण्याला सिंबायोसिस संस्थेने त्यांच्या वस्तूंचे संग्रहालय केले आहे. तेथे त्यांचे व्हायोलिनही आहे. ज्या वयात माणसे नातवंडांना गोष्टी सांगतात, त्या वयात हा घटनेचा शिल्पकार शिकाऊ विद्यार्थ्यासारखा व्हायोलिनचे धडे घेत होता. चित्रकलाही ते शिकले. बागेची त्यांना आवड, चांगल्या फाउंटन पेनची तर फारच आवड. मन झाले की स्वतः चुलीपुढे उभे राहून ते रांधीत आणि मित्रांना वाढीत. 1934 सालचे राजगृहातले एक छायाचित्र आपण पाहिले असेल. त्यात रमाई आहेत, यशवंतराव आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंदराव आहेत, आणि पुढे टॉबी नावाचा कुत्राही आहे. चार लेकरे गमावलेले हे घर होते, हे ध्यानात ठेवून ते छायाचित्र पाहावे.

कोणी म्हणेल, हे मोठ्या माणसाचे शौक, पोट भरल्यावरचे. पण परळच्या चाळीतली ती एक खोली आठवा. सुभेदार रामजी आपल्या विवाहित मुलींकडून दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून भीमरावासाठी पुस्तक घेत आणि पेन्शन आली की सोडवीत. तेथे पोट कुठे भरलेले होते? शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली; पुढे संस्कृत ते स्वतःच्या हिमतीने शिकले. पुढच्या काळात पालीचा शब्दकोश करायला बसले. 1917 मध्ये विलायतेहून परतताना पुस्तकांचे सामान वेगळ्या जहाजाने पाठविले होते. महायुद्धात ते जहाज बुडाले. म्हणून काही पुस्तके घेणे थांबले नाही. पुढे दादरला घर बांधले, तेही ग्रंथालयासकट.

आणि यंत्रांविषयी म्हणाल, तर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाणी ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर आणि महानदी या नद्यांच्या योजनांत त्यांनी लक्ष घातले. ऑक्टोबर 1943 मध्ये विजेच्या प्रश्नावर भाषण करताना त्यांनी सांगितले, की स्वस्त आणि मुबलक वीज हवी ती कारखान्यांसाठी, आणि कारखाने हवेत ते गरिबाला दारिद्र्याच्या चक्रातून सोडविण्यासाठी. जनरेटरपाशी उकिडवा बसलेला पोर आणि हा मंत्री यांचे कुतूहल एकाच जातीचे आहे, असे मला वाटते. (जात हा शब्द येथे चालवून घ्यावा.)

आता धम्माचे पाहू. बाबासाहेबांनी घराला नाव दिले राजगृह. त्या प्राचीन राजगृहात भगवंतांचा उपचार करणारा जीवक वैद्य राहात होता. तक्षशिलेला सात वर्षे शिकल्यावर गुरूंनी त्याला सांगितले, "नगराभोवती योजनभर फीर आणि औषध नाही अशी वनस्पती घेऊन ये." जीवक रिकाम्या हाताने परतला. अशी एकही वनस्पती सापडली नव्हती. गुरू म्हणाले, तुझे शिक्षण झाले. जो पाला आपण पायाखाली तुडवितो, तो वाकून पाहणाऱ्यालाच ते ज्ञान मिळाले.

पण वडिलांचा प्रश्न खोटा नव्हता. अभ्यास बुडाला तर? त्याचे उत्तरही राजगृहातच मिळते. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ करून घेई. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा सोण नाही म्हणाला. आपण पोरांच्या तारा एकतर सोडून देतो, नाहीतर तुटेपर्यंत ताणतो. वेळ ठरवून द्या, पण हात बांधू नका.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नवरा परदेशी शिकत असताना रमाईंनी गोवऱ्या थापून घर चालविले. त्यांना काय शिकावेसे वाटत होते, काय छंद होता, हे कोणी विचारले? म्हणून मी हे केवळ मुलांविषयी बोलत नाही. रेडिओ पोरीनेही खोलावा.

गेल्या रविवारी बुद्धवंदना झाल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेलो. माझ्याकडचा जुना, बंद पडलेला रेडिओ बरोबर नेला होता. वडील म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच असं केलं तर?" मी म्हटले, "दादा, तुम्हीही बसा." ओसरीवर आम्ही तिघे बसलो, मग त्याची धाकटी बहीणही येऊन बसली. स्क्रू हरवू नयेत म्हणून तिने आतून एक ताटली आणून दिली. बाप कंदिलाच्या काळापासूनची आपली यंत्रे आठवून सांगू लागला. रेडिओ अजून बोललेला नाही. कुठली तरी तार सुटली आहे, ती पुढच्या रविवारी शोधायची आहे.