कमतरतेकडून जोडणीकडे

नैराश्याच्या आधुनिक सिद्धान्ताचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधाचा रक्तदाबावरचा गुण मांडला आणि जगाचं या मुळीकडे लक्ष गेलं. पुढे तिच्यातल्या रिसर्पिनने काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी आल्या. रिसर्पिन मेंदूतली सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं रिती करतं. मग ती कमी पडली की मन खचतं, असा तर्क निघाला; १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनपुरता तो नीट मांडला. सेरोटोनिनचा बोलबाला नंतरचा. ‘अमुक कमी आहे, गोळीने भरून निघेल’ हे सांगायला सोपं आणि रुग्णाला दिलासा देणारं. पण गोळीने सेरोटोनिन काही तासांत बदलतं, माणूस सावरायला मात्र आठवडे लागतात. हे कोडं या तर्काला कधीच सुटलं नाही.

दरम्यान, मेंदूतल्या जोडण्यांचा दुसरा धागा निघाला: १९९५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये भरत बिस्वाल यांना एमआरआयमध्ये दिसलं की, माणूस स्वस्थ पडलेला असतानाही हात हलवणाऱ्या मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांची सक्रियता एका लयीत वरखाली होते, जणू ते एकमेकांशी जोडलेले आहेत. अनेकांना तो निव्वळ गोंगाट वाटला. २००१ मध्ये मार्कस राइकल यांच्या गटाने माणूस रिकामा बसला की जागं होणारं ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ हे मेंदूतलं जाळं मांडलं. स्वतःविषयीचे विचार, जुन्या आठवणी यांचा वावर तिथेच. नैराश्यात तेच ते उगाळणारं माणूस ज्याने घरात पाहिलंय, त्याला हे ऐकून नवल वाटणार नाही.

हेलन मेबर्ग यांचं लक्ष या जाळ्याशी जोडलेल्या, कपाळामागे खोलवर असलेल्या ‘भाग २५’वर होतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरांटोतल्या प्रयोगात, कुठल्याच उपचाराने बरे न झालेल्या सहा रुग्णांच्या मेंदूत तिथे इलेक्ट्रोड बसवून मंद प्रवाह दिला गेला. काहींनी शस्त्रक्रिया चालू असतानाच एकाएकी हलकं वाटल्याचं सांगितलं. सहा महिन्यांनी सहापैकी चौघांना स्पष्ट उतार होता. नंतरच्या ९० जणांच्या चाचणीत मात्र सहा महिन्यांनी, प्रवाह मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात ठळक फरक दिसेना. चाचणी थांबली.

मला खरा रस इथे वाटतो. या उपचाराने आधीच बऱ्या झालेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या तंतूंचे नकाशे पाहिल्यावर दिसलं, की त्यांच्यात प्रवाह चार तंतुगुच्छ एकत्र येतात तिथे पोचला होता. म्हणजे जाळ्याची भाषा बोलणारे डॉक्टरही मनातून एक ‘जागा’च शोधत होते! आता शस्त्रक्रियेआधी त्या रुग्णाचे तंतू पाहून इलेक्ट्रोडची जागा ठरवता येते.

जाळ्यांची मांडणीही फार लवकर सुबक झाली, असं मला वाटतं. २०१७ मध्ये जोडण्यांवरून नैराश्याचे चार प्रकार जाहीर झाले. स्वतंत्र पडताळणीत ते टिकले नाहीत. आधीच्या अभ्यासांत डिफॉल्ट जाळ्याच्या जोडण्या वाढलेल्या दिसल्या होत्या, २०१९ च्या मोठ्या चिनी अभ्यासात त्या घटलेल्या निघाल्या. कित्येकांच्या सरासरीत एकेका माणसाचा मेंदू पुसला जातो.

२०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने वाट बदलली: मोजकीच माणसं, पण प्रत्येकाचं स्कॅनिंग पुन्हा पुन्हा. बहुतेक नैराश्यग्रस्तांत कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवणारं ‘सेलियन्स’ जाळं जवळजवळ दुप्पट पसरलेलं होतं. मनःस्थिती सुधारली तरी ते आक्रसलं नाही. आणि पुढे नैराश्य आलेल्या मुलांत ते आधीपासूनच तसं होतं.