दोन वर्षं जपायचा कागद

माझे मामा जेवायला बसण्याआधी खिसे चाचपतात. आधी शर्टाचा, मग पँटचे दोन, मग मागचा. हवाई दलातून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली, आता कराडजवळ गावी ऊस बघतात, तरी सवय गेलेली नाही. मामी म्हणतात, "काय उरलंय त्यात? तंबाखूपण सुटली." लहानपणी मला वाटायचं, मामा आमच्यासाठी चॉकलेट शोधतायत.

मामा इंजिन फिटर होते. एएन-३२ हे सोव्हिएत बनावटीचं मालवाहू विमान. दोन इंजिनं, पंखांच्या वरच्या बाजूला बसवलेली, आणि प्रत्येकापुढे चार पात्यांचा प्रोपेलर. मामा त्याला आजही पंखाच म्हणतात. या कामात स्क्रू आवळण्याइतकंच मोठं काम असतं ते हत्यारं मोजण्याचं. प्रत्येक पान्याची आकृती फळीवर रंगवलेली असते. काम संपल्यावर एक जरी आकृती रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. इंजिनात राहिलेला एक छोटा सॉकेटही पुरेसा असतो.

एका रात्री असाच एक सॉकेट मिळेना. इंजिनावरची झाकणं पुन्हा उघडली, बॅटऱ्या घेऊन सहा माणसं शोधत राहिली. पहाटे तीनच्या सुमारास मामांचा हात स्वतःच्याच ओव्हरऑलच्या मांडीवरच्या खिशाला लागला. त्या क्षणी आजूबाजूला कुणी नव्हतं. हँगरबाहेर गवत होतं. मामा आत गेले आणि म्हणाले, "सर, माझ्याच खिशात होता."

नंतर काय भोगलं ते मामा सांगत नाहीत. त्या पाच जणांनी बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलणं टाकलं होतं, एवढंच कळलं.

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा त्यांना विचारलं होतं, "मामा, टाकायचा की गवतात. कुणाला कळलं असतं?"

"आरं, मग पुढच्या वेळंपास्नं सगळे गवतातच शोधत बसले असते," मामा म्हणाले.

हे उत्तर मला तेव्हा विनोदी वाटलं. त्यात किती काय आहे ते कळायला एक अपघात वाचावा लागला.

१० जुलै २०१७. अमेरिकी मरीन कोअरचं केसी-१३०टी विमान नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरी पॉइंटहून कॅलिफोर्नियाकडे निघालं होतं. मिसिसिपी राज्यावर, साधारण वीस हजार फुटांवर असताना डावीकडच्या, धडाला लागून असलेल्या इंजिनाच्या प्रोपेलरचं एक पातं निखळलं. हा प्रोपेलर मिनिटाला सुमारे एक हजार वीस फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला सतरा. सुटलेलं पातं विमानाचं धड कापत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं. त्या धक्क्यांमध्ये उजव्या बाजूचा एक अख्खा प्रोपेलरही सुटला आणि विमानावरच आदळला. विमानाचे हवेतच तुकडे झाले आणि ते सोयाबीनच्या शेतांत विखुरले. आत पंधरा मरीन आणि नौदलाचा एक वैद्यकीय सहायक होता. सोळाही गेले.

कारण होतं एक क्षरलेला खड्डा. ही पाती अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. तिला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण बारीक खड्डे पडतात. पात्याच्या मुळाशी, आतल्या पोकळ भागात असा खड्डा होता, त्यातून तडा गेला आणि तो वाढत राहिला. हे पातं २०११ मध्ये जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्स इथल्या हवाई दलाच्या कार्यशाळेत ओव्हरहॉलसाठी गेलं होतं. खड्डा नंतर पडला नसेल कशावरून? तर तपासणाऱ्यांना खड्ड्याच्या आत अ‍ॅनोडायझिंगचा थर सापडला. हा संरक्षक थर ओव्हरहॉलच्या शेवटाकडे देतात. म्हणजे थर दिला तेव्हा खड्डा तिथे होता. कुणीतरी ते पातं हातात घेतलं, खड्डा काढला नाही आणि त्यावरून थर चढवून पातं पुढे पाठवलं. त्यानंतर ते सहा वर्षं फिरत राहिलं.

कुणी पाठवलं? २०१८ च्या डिसेंबरात अहवाल जाहीर झाला, त्यात हे नाव नाही. कार्यशाळेला कामाचे कागद दोनच वर्षं जपायचं बंधन होतं.

इथे मी वाचायचा थांबलो होतो. तो माणूस कोण, यापेक्षा मला दुसरंच काहीतरी सतावत होतं. २०१७ च्या त्या संध्याकाळी त्या माणसानं टीव्हीवर बातमी पाहिली असेल. 'अरेरे' म्हटलं असेल. त्याला आजही माहीत नसेल. सहा वर्षांपूर्वीचा एक दिवस, बाकावर आलेलं एक पातं, त्याआधी अशी कितीतरी पाहिलेली, त्यांतली बहुतेक ठणठणीत. त्याला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चूक एकट्या त्याची असेलच असंही नाही. २०२४ मध्ये तिथल्या एका माजी अभियंत्यावर, स्वतःच्या जुन्या निर्णयांची कागदपत्रं तपासातून लपवल्याचा आणि खोटं सांगितल्याचा आरोप ठेवला गेला. आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. पण फिटरच्या हातापर्यंत सूचना कुणीतरी पोचवतं, हे विसरता येत नाही.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये नैतिक नशिबाचा प्रश्न मांडला. दोघं सारखेच निष्काळजी. एकाच्या हातून माणूस मरतो, दुसऱ्याच्या हातून काहीच होत नाही. मग दोघांचा दोष सारखा का वेगळा? विल्यम्सचा ट्रक ड्रायव्हर प्रसिद्ध आहे. त्याची काहीही चूक नसताना मूल चाकाखाली येतं. तरी तो 'माझी चूक नव्हती' एवढं म्हणून घरी जाऊन निवांत जेवला, तर आपल्याला ते खटकतं. पण या दोघांच्या उदाहरणांत माणसाला आपल्या हातून काय झालं ते निदान कळतं. आपल्यापैकी बहुतेकांना ते कळतच नाही, आणि माझ्या मते खरी गोची तिथेच आहे.

आता माझं. आधीच्या नोकरीत, पुण्यातल्या एका कंपनीत, मी पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये होतो. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एका सहकाऱ्याचा चारेकशे ओळींचा बदल माझ्याकडे रिव्ह्यूला आला. साडेसातची बस होती. मी वरून खाली स्क्रोल केलं, एका ठिकाणी व्हेरिएबलचं नाव बदलायला सांगितलं (म्हणजे वाचलंय असं वाटावं) आणि अप्रूव्ह दाबलं. चार मिनिटं.

त्यात वय काढण्याची एक ओळ होती. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा. नोव्हेंबरात ती बिनबोभाट चालली, टेस्टही पास. जानेवारीत मात्र डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं आठ दिवसांचं बाळ एक वर्षाचं ठरायला लागलं. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन साधारण चौदाच्या वर असायला हवं. वर्षाच्या मुलाचं अकरा-साडेअकरा चालून जातं. म्हणजे खरोखर रक्त कमी असलेल्या तान्ह्या बाळाच्या रिपोर्टवर लाल खूण उमटलीच नसती.

उमटली नसती, असं मी लिहितो, कारण कुणाची उमटली नाही हे मला माहीत नाही. कंपनी सोडल्यावर वर्षभरानं जुन्या मित्रानं चहा पिताना सहज सांगितलं, "अरे, तो एज-बग तूच अप्रूव्ह केलेला ना? केला फिक्स." आणि हसला. डॉक्टर नुसती लाल खूण बघत नाहीत, आकडा बघतात, बाळ तर समोरच असतं. मी स्वतःला हेच सांगितलं. त्या फिटरनंही सांगितलं असतं की माझ्यानंतर आणखी कुणीतरी बघेलच.

आमच्याकडे कागद दोन वर्षांनी फाडत नाहीत. गिटमध्ये ती ओळ, सहकाऱ्याचं नाव, माझं नाव, तारीख, वेळ सगळं आहे आणि राहील. तरी त्या नोंदीमुळे माझी झोप एक दिवसही उडाली नव्हती, कारण तिथे परत जाऊन कुणी बघत नाही. नाव जपून ठेवणं आणि जबाबदारी घेणं यांत मोठं अंतर आहे, आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले पहिल्यालाच दुसरं समजून चालतो.

आमच्या क्षेत्रात चूक झाल्यावर व्यक्तीला दोष द्यायचा नाही, प्रक्रियेत काय बिघडलं ते पाहायचं, अशी पद्धत आहे. विमान वाहतुकीतही हा विचार मुरलेला आहे. मला ती पटते. दोषाच्या भीतीनं माणसं सॉकेट गवतात टाकतात. पण मी ती पद्धत पांघरुणासारखीही वापरताना पाहिली आहे, आणि वापरलीही आहे. 'रिव्ह्यू प्रोसेस कमी पडली.' म्हणजे कोण? चार मिनिटांत कुणी स्क्रोल केलं? मामांच्या एका वाक्यानं दोन गोष्टी झाल्या. हत्यार खिशात राहू शकतं, ही खरी माहिती सगळ्यांना मिळाली. आणि ती मामांकडूनच मिळू शकत होती, कारण बाकी पाचांना ती माहीतच नव्हती. शिक्षा नको, हे मला मान्य आहे. पण 'माझ्या खिशात' हे शब्द वगळले तर ती माहितीही उरत नाही.

अपघाताबद्दल वाचल्यावर मी जुन्या मॅनेजरला मेल केला. अप्रूव्ह मी केलं होतं, न वाचता केलं होतं, असं लिहिलं. जानेवारीतल्या तान्ह्या बाळांचे रिपोर्ट पुन्हा तपासून लॅबना कळवलं का, असंही विचारलं. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: इश्यू बंद झाला आहे, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. पेशंटचा डेटा माझा नाही, कंपनी माझी नाही. मी आणखी एक मेल लिहून ठेवला आहे, जरा कडक, थेट त्यांच्या वरिष्ठांना. तो गेले नऊ दिवस ड्राफ्टमध्ये आहे. सहकारी अजून तिथेच आहे, त्याला नुकतंच बाळ झालंय, आणि त्या ओळीवर माझ्या नावाआधी त्याचं नाव आहे.