वैशाखातला पाहुणचार आणि पाण्याचा वाटा

खोपोलीला लागून असलेल्या साजगावच्या विठोबाला लोक प्रेमाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. कार्तिकी एकादशीला इथे भरणाऱ्या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार देवदर्शनाइतकाच गाजतो. तुकोबा घाट उतरून इथे मिरची विकायला येत, असे लोकपरंपरा सांगते. देव आणि बाजार शेजारी नांदण्याची सवय असलेल्या या गावाच्या आसपास, खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात, आता पाहुणचाराचाही बाजार उभा राहिला आहे. फार्महाऊस आहेत, रिसॉर्ट आहेत आणि घरच्या दोन-तीन खोल्या काढून चालवलेली निवास-न्याहारीची छोटी ठिकाणेही आहेत. मुंबई-पुण्याची माणसे एप्रिल-मेमध्ये इथे येतात ती सावलीसाठी, आंब्यासाठी आणि डोळ्यांना हिरवे काही दिसावे म्हणून. त्यातून धर्माचा एक जुना प्रश्न नव्याने समोर येतो. पैसे घेऊन केलेल्या पाहुणचाराला आतिथ्य म्हणायचे का? आणि म्हणायचे असेल, तर ते कशाने टिकते आणि कशाने बाटते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अवघड वाटत नाही. पैसा आला की पुण्य गेले, असे मानणाऱ्यांनी तुकोबांचे दुकान आठवावे. वारकरी परंपरेने व्यापाराला भक्तीच्या आड येणारी गोष्ट मानले नाही. तिने मापात पाप करणाऱ्याला नावे ठेवली. शिवाय फुकट पाहुणचार दर शनिवारी-रविवारी कोणाला परवडेल? ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्यालाच. दर ठरवल्यामुळे बेताच्या ऐपतीच्या घरालाही आपले दार अनोळखी माणसासाठी उघडता येते, आणि येणाराही उपकाराच्या ओझ्याखाली न राहता ताठ मानेने जेवतो. यात कमीपणा कोणालाच नाही. खोली, पोहे, चहा, रात्रीची तांदळाची भाकरी यांचे पैसे घेता येतात, कारण या गोष्टी यजमानाच्या आहेत. मात्र जे त्याचे नाहीच, ते त्याला विकता येणार नाही आणि दानही करता येणार नाही. प्रश्न तिथे अडतो, आणि उन्हाळ्यात तो पाण्यापाशी अडतो.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण खाली काळा पाषाण आणि वर उभा उतार, त्यामुळे बहुतेक पाणी वाहून जाते. पाताळगंगा नदी उन्हाळ्यातही वाहते, पण त्यामागे माणसाची करणी आहे. घाटमाथ्यावर वळवण, लोणावळा अशा तलावांत अडवलेले पाणी नळांतून खाली आणून टाटांनी 1915 साली खोपोलीत वीज निर्माण करायला सुरुवात केली, आणि ते पाणी पुढे या नदीत सोडले जाऊ लागले. मुळात ते इंद्रायणीच्या उगमाकडचे, म्हणजे देहू-आळंदीच्या वाटेवरचे पाणी. इथले पाणी असे शंभर वर्षांपूर्वीपासूनच वाटणीचे आहे. त्या वाटणीत डोंगराच्या अंगावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांपर्यंत फारसे काही पोहोचले नाही. एप्रिल-मेमध्ये तिथल्या बायका झऱ्यावर नाहीतर विहिरीच्या तळाशी हंडा भरेपर्यंत थांबतात. आता पाहुण्यांसाठी राखलेल्या हिरवळीचा हिशेब पाहू. मे महिन्याच्या उन्हात लॉन हिरवे ठेवायचे तर रोज किमान पाच मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे दर चौरस मीटरला पाच लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. तेव्हा गुंठाभर लॉन दिवसाला पाचशे लिटर पिते. ग्रामीण भागात जलजीवन मिशनने दर माणशी दिवसाला 55 लिटरचे प्रमाण धरले आहे. गुंठाभर हिरवळ, जिच्यावर पाहुणा संध्याकाळी अर्धा तास अनवाणी चालेल, ती रोज नऊ माणसांचे पाणी घेते.

धर्मग्रंथांत आतिथ्याची थोरवी भरपूर गायली आहे, पण तिला घातलेली मर्यादा फारशी कोणी सांगत नाही. आपस्तंब धर्मसूत्राचे म्हणणे असे की, माणसाने हवे तर स्वतःला, बायकोला, मुलाला कमी वाढावे. पण राबणाऱ्या नोकराच्या वाट्याला हात लावू नये. महाभारतातल्या मुंगसाच्या गोष्टीत हाच विचार कथेच्या रूपाने येतो. वेचलेल्या दाण्यांवर जगणाऱ्या गृहस्थाच्या दारी अतिथी येतो. गृहस्थ आपला सातूचा वाटा देतो, तरी अतिथीची भूक भागत नाही. बायको आपला वाटा पुढे करते तेव्हा तो घ्यायला गृहस्थ कचरतो. सुनेच्या वेळी तर जास्तच. ज्याने त्याने आपण होऊन दिले, म्हणूनच ते दान. गृहस्थाने चौघांचे सातू परस्पर अतिथीच्या पानात ओतले असते, तर त्या सातूच्या सांडलेल्या कणांत लोळलेल्या मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले नसते.

इथे कोणी रास्तच विचारील की, ज्या परंपरेने माणसांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, तिची सूत्रे पाण्याच्या न्यायासाठी कशाला काढायची? याच रायगड जिल्ह्यात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आपस्तंबाचे ते वचन जुने आहे म्हणून प्रमाण नाही; ते न्यायाला धरून आहे म्हणून घ्यायचे, आणि त्याच ग्रंथांतले जे न्यायाला धरून नाही ते टाकायचे. महाडने एवढे कायमचे ठरवून दिले की पाण्यावर कोणाचा हक्क आहे हे ग्रंथ ठरवणार नाही, तहान ठरवील.

दुसरा आक्षेप मालकीचा: विहीर माझी, बोअर माझी, विजेचे बिल मी भरतो. 1882 चा सुखाधिकार कायदा जमीनमालकाला जमिनीखालचे पाणी घेण्याची मुभा देतो, हे खरे. पण खडकाच्या भेगांना सातबारा नसतो. एकाने खोल पंप लावला की खालच्या अंगाची विहीर आटते, हे गावातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कायद्याने मिळते ते सगळेच धर्माने आपले होत नाही. तिसरा आक्षेप पोटाचा: बाग नसेल तर पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नसतील तर वाडीवरून येणाऱ्या माळ्याला आणि स्वयंपाकाच्या बाईला काम नाही. यात तथ्य आहे. पण मजुरी दिली म्हणजे त्यांच्या घरच्या हंड्याची किंमत चुकती झाली असे होत नाही. आपस्तंबाने नोकराचे नाव घेतले ते याचसाठी. आणि मोठ्या रिसॉर्टच्या जलतरण तलावापुढे आमचे गुंठाभर लॉन ते काय, असे म्हणणाऱ्याला एवढेच सांगता येईल की शेजाऱ्याची चोरी मोठी निघाली म्हणून आपली लहान चोरी दान ठरत नाही.

याचा अर्थ बाग उजाड ठेवावी असा नाही. मोगऱ्याला हिवाळ्यात पाणी तोडून ताण देतात, मग छाटणी करून आळ्यात खत-पाणी घालतात, तेव्हा तो उन्हाळ्यात फुलतो. कसलेल्या माळ्याला पाणी कधी द्यायचे याइतकेच ते कधी द्यायचे नाही हेही ठाऊक असते. न्हाणीचे पाणी अळू-केळीला, पालापाचोळ्याचे आच्छादन सोनचाफ्याच्या बुडाशी, लॉनच्या जागी आंब्या-फणसाची सावली आणि शेणाने सारवलेले अंगण: एवढ्यावर पाहुण्याचा जीव रमतो. वैशाखात शिवपिंडीवर गळती लावण्याची आपली रीत आहे. देवालासुद्धा या महिन्यात पाणी थेंबाथेंबाने मिळते. पाहुण्याच्या हिरवळीला ते धो-धो मिळावे, असा आग्रह कोणत्या श्रद्धेत बसतो? पाहुण्यालाही हे मोकळेपणी सांगावे. ज्या पाहुण्याला आपण पाण्याची खरी गोष्ट सांगत नाही, त्याला आपण मान देत नसतो, फक्त त्याची मर्जी राखत असतो.

म्हणून आतिथ्याची कसोटी पैसे घेतले की नाही ही नव्हे. पाहुण्याच्या पुढ्यात ठेवलेली गोष्ट आपल्या वाट्यातली आहे की न विचारता दुसऱ्याच्या वाट्यातून काढलेली, ही खरी कसोटी. पावसाळ्यात, सगळीकडे धबधबे कोसळत असताना, ती कोणाचीही लागत नाही. ती चैत्र-वैशाखात लागते, आणि महिना-दोन महिन्यांपुरता बदलता येईल असा धर्म नसतो. साजगावच्या परिसरातल्या छोट्या यजमानाने पाहुण्याकडून पैसे जरूर घ्यावेत. फक्त त्या पैशांत वाडीचे पाणी विकले जाऊ नये.