परड्यातला भोपळा

नव्यानं परडं करणाऱ्या बाईनं तांबडा भोपळा लावायचा म्हटला, की आमच्या बेळगाव भागातल्या अक्का-काकू हमखास म्हणतात, "कशाला गं जीव मारायचे? चार पैसे टाकले की बाजारात मिळतो की!" दशलक्षणात हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या या बायका. त्यांच्या श्रद्धेला मी हसत नाही. पण भोपळा बाजारातनं आणला म्हणजे प्रश्न सुटतो का?

भोपळा लावायला सोपा. मृगाचा पाऊस झाला की आळं करायचं, कुजलेलं शेणखत घालायचं, तीन-चार बिया टोचायच्या. आठवड्याभरात दोन जाड पानं वर येतात आणि पाठोपाठ तांबडे भुंगेरे हजर! कोवळ्या पानाची चाळणी करून टाकतात. पुढं फळ धरलं की फळमाशी त्याला टोचून आत अंडी घालते, फळ आतनं सडतं. नवशिक्या बाईचा हात फवाऱ्याकडं जातो तो इथंच.

आता आपला हिशेब बघा. वेल एकेंद्रिय; तत्त्वार्थसूत्राच्या क्रमात कृमीला दोन इंद्रियं, मुंगीला तीन, भुंग्याला चार. मग एकेंद्रियासाठी चतुरिंद्रिय मारायचा? श्रावकाला आरंभी, उद्योगी हिंसा चुकत नाही, सोडायची ती संकल्पी, हे खरं. पण भुंगेऱ्यावर औषध मारताना मनात संकल्प नव्हता, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

तेच शास्त्र कृत, कारित आणि अनुमोदित असंही सांगतं की. बाजारात डाग असलेलं फळ आपण बाजूला सारतो आणि गुळगुळीत तेवढं उचलतो. म्हणजे शेतकऱ्याला निरोपच धाडतो, फवार म्हणून. आपले हात स्वच्छ राहतात; औषध जातं ते पाठीवर पंप घेणाऱ्याच्या नाकातोंडात. याला अहिंसा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी रोपावर मच्छरदाणीचं कापड घालते, पानांवर राख टाकते. पण फुलं आली की कापड काढावंच लागतं. भोपळ्याची नर-मादी फुलं वेगळी, पराग चिकट. तो वाऱ्यानं जात नाही, त्याला मधमाशी लागते. भुंगेऱ्याला अडवणारं कापड तिलाही अडवतं! कोवळ्या फळाला मात्र कागदी पिशवी बांधता येते. कामगंध सापळा सौम्य म्हणतात, पण तो गंधानं भुलवून नर माशीला मारतो. फसवून मारणं मला जास्तच सलतं.

एवढं करूनही एखादं फळ सडतंच. जाणकार सांगतात, खोल पुरा, नाहीतर आतल्या अळ्यांच्या माश्या होऊन शेजारणीच्या दोडक्यावर जातील. पुरलं तर मी मारलं. तसंच टाकलं तर ती फवारणार, आणि त्यात माझाही वाटा. मी पुरते. संध्याकाळी सामायिकाला बसलं की त्या अळ्या आठवतात.